पाठ बघणारे अंबादासकाका

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अख्खा मांडव नवरदेवाचं तोंड बघत होता आणि अंबादासकाका त्याच्या मागं उभे राहून शेरवानीची शिवण तपासत होते. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि हा गृहस्थ नवरदेवाच्या मानेखाली बोट घालून कॉलर उलटी करतोय! नवरदेव पुण्याचा. त्याला वाटलं, मराठवाड्यात अशी काही रीत असावी. बिचारा मान वाकवून गप उभा राहिला. अक्षता पडल्यावर काकांनी माझ्या वडिलांच्या कानात निकाल सांगितला, "जावई ठीक आहे. शिंपी चोर आहे."

औरंगपुऱ्यात आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच होती. त्यामुळं काकांचा ठसका, काकांचा रेडिओ आणि काकांचं ते एक वाक्य, तिन्ही आम्हाला घरबसल्या ऐकू यायचं. वाक्य असं, "पाठ बघा, पाठ. तोंड काय, कुणीबी धुतं!"

हे ते कशालाही लावायचे. मी मॅट्रिकला पास झालो म्हणून वडिलांनी सायकल घेतली, तर काकांनी ती आडवी पाडून आधी खालून बघितली. दारावर भाजीवाली आली की कोबीचा देठ वर. बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. बारशाला सगळ्या बायका 'नाक कुणाचं, डोळे कुणाचे' करत होत्या. काकांनी बाळ उचललं, अलगद पालथं केलं, चष्मा वर करून बघितलं आणि जाहीर केलं, "बेदाग आहे." पाहुणे आले तर त्यांना मकबरा दाखवायला काका हौसेनं घेऊन जायचे, पण थेट मागच्या बाजूला. "समोरून बादशाही, मागून चुना. आता बोला!" पाहुणे काय बोलणार? ते उन्हात उभे राहून चुना बघायचे.

ही खोड कुठून लागली, याचं गल्लीनं आपल्या परीनं उत्तर काढलेलं होतं. काका निजामाच्या अमलात वैजापूरच्या तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. शिक्षण सगळं उर्दूत. आणि उर्दू पुस्तक आपल्या हिशेबानं शेवटाकडून उघडतात. जन्मभर मागून उघडणारा माणूस, तो दुसरं काय करणार? पोलीस ॲक्शननंतर दफ्तरातली भाषा बदलली, पण काका बदलले नाहीत. मराठीत टिपण लिहायचे ते असं, "सदरहू इसमाची दरखास्त गौरतलब असून मुलाहिजा फर्मावावा." पुण्याकडचा एक साहेब ते वाचून म्हणाला म्हणे, "हे मराठी आहे, एवढं मला कळतंय. पुढचं कुणीतरी सांगा."

काका विधुर होते. मूलबाळ नव्हतं. देवगाव रंगारीची त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याकडं राहायची आणि दोन वेळा भाकरी थापून देता देता दोन वेळा त्यांना बोलून घ्यायची. शांताकाकू गेल्या तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला त्या आठवतात त्या खिडकीत बसलेल्या, उजेडाकडं तोंड करून, हातात सुई. फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी रेडिओसाठी एक कव्हर भरायला घेतलं होतं आणि गंमत म्हणजे तेव्हा घरात रेडिओच नव्हता. आई थट्टा करायची, "लेकराचा पत्ता नाही अन् झबलं तयार!" काकू नुसत्या हसायच्या. रेडिओ आला तो त्या गेल्यावर दोन वर्षांनी. त्यावर काकांनी ते कव्हर घातलं. उलटं. पाठ वर करून. येणारा-जाणारा सांगायचा, "काका, कव्हर उलटं घातलंय." काका म्हणायचे, "तुम्ही सुलटे बसा."

पण काकांचा खरा हंगाम म्हणजे प्रदर्शन. आमखास मैदानावर हातकामाचं प्रदर्शन भरलं की काका कचेरीतून रजा टाकायचे. हिमरूच्या शाली, पैठण्या, भरतकामाचे रुमाल, सतरंज्या, जे दिसेल ते पालथं. विकत काही घ्यायचे नाहीत. दुकानदार त्यांना इतके ओळखून होते की लांबूनच हाक यायची, "आव काका, उलटा देखो. सीधा तो कोई बी देखता." काका बोटानं चाचपत पाठीमागच्या गाठी शोधायचे, दोऱ्याचा शेवट कुठं लपवलाय ते बघायचे, मग 'हूं' म्हणून पुढच्या दुकानाकडं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. विचारलं, "काका, तुम्ही नक्की काय शोधताय?"

"बराबरीचं कुणी हाय का, ते बघतो."

"कुणाच्या बराबरीचं?"

"तुला भूक लागली असंल," ते म्हणाले आणि मला भजी खाऊ घातली. भजंही त्यांनी उलटून बघितलं.

पुढं मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि पाण्याचं इंजिनिअरिंग शिकायला मी इंग्लंडला, लीड्स गावी निघालो. आमच्या गल्लीतून विमानात बसणारा मी पहिला. त्यामुळं निरोपाला जो तो काहीतरी घेऊन आला. लोणचं, मेतकूट, शनीचा फोटो, कुणी मफलर. काका सगळ्यात शेवटी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी माझ्या हातात दिली. उघडून बघतो तर रेडिओचं कव्हर!

पांढऱ्या कापडावर कडेनं हिरवी वेल, वेलीला मोठी मोठी बारा पानं. पुरं झालेलं ते मी पहिल्यांदाच सुलटं बघत होतो. काकांनी लगेच हातातून घेऊन उलटं केलं.

"हे बघ वसंता. तिकडं हातकामाचे मेळे भरतात, मी वाचलंय. तिथं एखादी अशी म्हातारी गाठ, जिचा जन्म सुईत गेलाय. कारखान्यातली नको, घरातली. तिला हे दाखव. सरळ बाजू नाही, पाठ. काय म्हणती ते मला लिही. हर्फ न् हर्फ, एक अक्षर गाळू नको. चांगलं म्हटली तरी, वाईट म्हटली तरी."

"इथंच दाखवा की कुणाला. आपल्याकडं काय कमी बायका आहेत भरतकाम करणाऱ्या?"

"इथल्या बाया शांताला ओळखत व्हत्या. खरं बोलणार नाहीत." मग म्हणाले, "मला लई दिवस एक गोष्ट माहीत करून घ्यायचीय. तू एवढं काम कर. बाकी काही आणू नको तिकडनं."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय?

लीड्सला पोचलो आणि थंडीनं माझी जी गाळण उडाली, विचारू नका. त्यात अभ्यास, हातानं स्वयंपाक, आणि इंग्रजी अशी बोलतात तिथली माणसं की मला माझंच इंग्रजी परकं वाटायला लागलं. कव्हर ट्रंकेच्या तळाशी गेलं. महिन्याभरानं काकांचं पत्र आलं. तब्येतीची चौकशी, पैठणच्या धरणाच्या बातम्या, आणि शेवटी, "पाठ बघितली का कुणी?" दोन महिन्यांनी दुसरं पत्र. शेवटी तेच. मी चडफडलो. इथं माणूस परीक्षेनं मरतोय आणि ह्यांना रेडिओच्या कव्हराची पडलीय! तिसऱ्या पत्रात तब्येतीची चौकशीसुद्धा नव्हती. एकच ओळ होती, "मेळा भरला असेल तर जाऊन येणे."

मेळा भरला असेलही. मी चौकशीसुद्धा केली नव्हती. एका रविवारी दुपारी बाहेर चिखल-बर्फ झालेला, कंटाळा आलेला, मी एअरोग्राम, म्हणजे विमानानं जाणारं घडीचं पत्र, घेतला आणि बसल्या बसल्या एक मेळा भरवला. त्यात एक म्हातारी बसवली. वय सत्तर, चांदीच्या काड्यांचा चष्मा, आणि जिवंतपणा यावा म्हणून तिच्या मांडीवर एक मांजर दिलं. म्हातारीनं कव्हर हातात घेतलं, उलटं केलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, 'बाराच्या बारा पानं एका हाताची. पहिल्यापासून शेवटपर्यंत टाका कुठं हलला नाही. असा हात मी जन्मात बघितला नाही.' लिहून झाल्यावर मीच ते दोनदा वाचलं. 'एका हाताची' हे तर मला फारच आवडलं. जाणकारानं म्हटल्यासारखं वाटत होतं. मोठा शहाणा मी!

आईचं पत्र आलं, की काकांनी ते पत्र गल्लीत घरोघर वाचून दाखवलं. गणपतीच्या देवळात वाचलं, कचेरीत वाचलं, भाजीवालीला थांबवून वाचलं. आईनं लिहिलं होतं, "तू पुण्य केलंस रे." काकांचंही उत्तर आलं. त्यांच्या मानानं फारच थोडकं. "चि. वसंतास आशीर्वाद. पत्र पोचलं. तसल्ली झाली. कव्हर मांजराच्या नखांपासून सांभाळणे. थंडीत कान झाकणे." त्यानंतर त्यांनी कधीही पाठीबद्दल विचारलं नाही. मी म्हटलं, सुटलो!

आणि मग वसंत ऋतूत मी खरोखरच मेळ्याला गेलो. तेही स्वतःहून नाही. आमच्या घरमालकिणीला तिच्या चर्चच्या हॉलमध्ये टेबलं हलवायला गडी पाहिजे होता. दारावर पाटी बघितली, 'हातकामाचं प्रदर्शन'. टेबलं मांडून झाल्यावर मी खोलीवर गेलो, ट्रंकेच्या तळातून कव्हर काढलं आणि परत आलो. का गेलो ते मलाही सांगता येत नाही. बहुतेक खोट्याला मागून थोडं खऱ्याचं अस्तर लावता आलं तर बघावं, असं वाटलं असेल.

हॉलमध्ये लोकरीचे मोजे, वेताच्या टोपल्या, मातीचे मग, जॅमच्या बाटल्या. कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक म्हातारी भरतकाम करत बसली होती. चष्म्याच्या काड्या काळ्या. मांजर नव्हतं. मी कव्हर तिच्यापुढं धरलं आणि काय सांगावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनं ते हातात घेतलं आणि काही न विचारता उलटं केलं.

काकाच बसलेत समोर, असं वाटलं.

तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक पान करत सरकायला लागली. मध्येच मान हलवायची. म्हणाली, "ह्या बाईला घाई नाही. दोऱ्याचा शेवट कुठं गेलाय, मला सापडत नाही." मला बरं वाटलं. चला, माझी म्हातारी अगदीच खोटी नव्हती! बोट पुढं सरकत गेलं. पाचवं पान, सहावं, सातवं. आठव्यावर थांबलं.

"इथून माणूस बदललाय."

"काय?"

"आठव्यापासून दुसरा हात आहे. दोरा ओढून धरलाय, कापड बघा कसं जरा आवळलंय. आणि दोऱ्याचा शेवट दोन-दोनदा खोचलाय. सुटून जाईल की काय, अशी भीती आहे ह्या माणसाला." तिनं चष्मा काढून पुसला. "पण वाईट नाही हं. लपवायला फार जिवापाड धडपडलाय. हे कुणी केलं?"

"आमच्या शेजारच्या काकूंनी."

"मग पुरं कुणी केलं, ते विचारा घरी."

मी खोलीवर आलो आणि एअरोग्राम पुढं घेऊन बसलो. काकांनी हर्फ न् हर्फ मागितलं होतं आणि आता हर्फ न् हर्फ माझ्याकडं होतं. पण लिहिणार काय? आधीच्या म्हातारीनं बारा पानं एका हाताची म्हणून सांगितलेलं, डोळ्यांत पाणी वगैरे आणून. आता ही दुसरी म्हातारी काढायची म्हणजे पहिलीला मारायला हवं. मी स्वतःला पटवलं, की कशाला म्हाताऱ्या माणसाचं मन दुखवा? गल्लीभर वाचून दाखवलंय त्यांनी. परत गेल्यावर समोरासमोर बसून सांगू, चहा पीत, हसत हसत. दया वगैरे काही नव्हती ती, माझी लाज होती. एअरोग्राम कोराच ठेवून दिला आणि पुढं त्यावर कुणालातरी दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या.

अंबादासकाका त्या पावसाळ्यात गेले. आईनं लिहिलं, फार हाल झाले नाहीत, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मी वर्षानं परत आलो.

आल्या आल्या आक्कांकडं गेलो. रेडिओ जागच्या जागी होता, उघडा. वर धूळ साचलेली. मी कव्हर आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर पसरलं, पालथा हात फिरवत बसल्या.

"आक्का, हे काकूंनी पुरं केलं नव्हतं ना?"

आक्का दचकल्या नाहीत. "पाच पानं झाली व्हती, तेव्हा गेली ती. पुढची सात अंबादासाची."

"काकांची? काका भरतकाम करायचे?"

"कुठलं येतंय त्याला! शिकला. हापिसातून आला की दार लावून बसायचा. आधी फाटक्या धोतरावर हात बसवला, चार महिने. बोटं नुसती चाळण झाली व्हती. सहाव्या पानाला दोरा मीच ओवून दिला सुईत." त्या कव्हराकडं बघत बोलत होत्या. "शांताला बघायला गेलो व्हतो ना आम्ही, तेव्हा रीतीप्रमाणं तिच्या बापानं तिचं भरतकाम पुढं केलं. हा बावीस वर्षांचा, लई हुशार! त्यानं रुमाल उलटा केला अन् सगळ्या बैठकीत म्हणला, 'पाठीमागं तर नुसतं जंजाळ हाय.' पोरगी खाली मान घालून उभी. लग्न झालं, पण ते तिच्या काळजात जाऊन बसलं बघ. पुढं जे जे भरलं त्याची पाठ तोंडासारखी केली. झालं की आणून द्यायची अन् म्हणायची, 'पाठ बघा.' हा बघायचा अन् म्हणायचा 'हूं'. एवढंच. सोळा वर्षं नुसतं 'हूं'. चांगलं झालंय, एवढं म्हणायला जीभ झिजत व्हती का त्याची? ती गेल्यावर मग बसला, पाठ बघा अन् पाठ बघा करत गावभर."

मला एकदम मांडवातली ती कॉलर आठवली, पालथं केलेलं बाळ आठवलं. किती हसलो होतो आम्ही.

"आक्का, मी पत्र लिहिलं होतं ना काकांना…"

"खोटं व्हतं, म्हाईत हाय."

"त्यांना कळलं?"

"वाचल्या वाचल्या म्हणला, 'आक्का, पोरगं गेलंच नाय मेळ्याला. भरतकाम करणारी बाई मांडीवर मांजर घेती व्हय? अन् बारा पानं एका हाताची म्हणणारीनं सुई तरी धरली असंल का?'"

"मग गल्लीभर वाचून का दाखवलं त्यांनी?"

"मीबी तेच इचारलं. तर म्हणला, 'त्यात शांताचं कौतुक हाय, आक्का. मी कधी केलं नाय. खोटं का असंना, एकदा चार लोकांनी ऐकू दे.'" आक्कांनी पदरानं डोळे टिपले. "पण झुरला रे. त्याला एकच धास्ती व्हती, तिचं काम आपण खराब केलं का काय. म्हणायचा, 'एखादी जाणती भेटली असती तर कळलं असतं, माझा हात कुठं उघडा पडला.' तुझं दुसरं पत्र येईल म्हणून वाट बघत व्हता. पोरगं चांगलं हाय, कधी ना कधी जाईल, म्हणायचा."

तेव्हा मी आक्कांना खरी म्हातारी सांगितली. तिनं न विचारता कव्हर कसं उलटं केलं, बोट कसं फिरवलं, कुठं थांबलं. शेवट दोनदा खोचल्याचंही सांगितलं. आक्का ऐकत होत्या, आणि मग त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कितव्या पानाशी म्हणलास?"

"आठव्या."

त्यांनी कव्हर उलटं केलं आणि म्हातारीसारखंच बोट ठेवून मोजायला लागल्या. पाच झाल्यावर थांबल्या. सहाव्यावर बोट ठेवलं. सातव्यावर ठेवलं. दोन्ही पानांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

"ही दोन तिला शांताचीच वाटली?"

"हो."

"ही त्याची हायेत रे."

बाहेर कुणाच्यातरी घरी नळ आला होता, त्याचा आवाज येत होता. आक्का उठल्या, पदरानं रेडिओवरची धूळ पुसली आणि त्यावर कव्हर घातलं, काका घालायचे तसंच, पाठ वर करून. चारी कोपरे ओढून सरळ केले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"एवढं लिहायचं व्हतंस त्याला, वसंता. दोनच पानं तर व्हती."